एक तुकडा जास्त

१

अक्कलदाढ काढली म्हटल्यावर माणसं एकच विनोद करतात, आणि प्रत्येकाला वाटतं की तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. मधुवंतीला तो नवऱ्याने ऐकवला, सांगलीहून सासूबाईंनी फोनवर ऐकवला, आणि सोमवारी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या शरण्यानेही ऐकवला. तमिळमध्ये त्या दाढेला ज्ञानाची दाढ म्हणतात. त्यामुळे भाषा बदलूनही सुटका नव्हती.

"हसू नकोस हं, टाका तुटेल," शरण्या म्हणाली.

"मी हसतेय असं कुठून वाटलं तुला?" मधुवंती मिटल्या दातांतून म्हणाली.

बस चेन्नईतलं अण्णा नगर सोडून पूनमल्लीच्या रस्त्याला लागली होती आणि प्रत्येक खड्डा थेट तिच्या जबड्यात पोचत होता. उजवा गाल टम्म फुगला होता. तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली. पर्समध्ये प्लास्टिकची एक छोटी पिशवी होती, आणि पिशवीत तुटलेल्या हत्याराचे तुकडे.

मधुवंती इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासायची. तिथे एखादं ड्रिल तुटलं की मशीन जागच्या जागी बंद करतात. सगळे तुकडे वेचून पांढऱ्या कागदावर एकमेकांना जोडून बघतात. एक कणही कमी भरला तर तिथला सगळा माल उघडून तपासायचा, कारण हरवलेला कण कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये जाऊन बसलेला असतो. हे ती रोज दहा जणांना समजावून सांगायची. मग हत्यार तिच्याच तोंडात तुटल्यावर ती तुकडे घेतल्याशिवाय घरी कशी येणार?

२

दाताचे डॉक्टर नवऱ्याने, उन्मेषने, शोधले होते. "मराठी बोलणारा डेंटिस्ट! चेन्नईत! अण्णा नगरमध्ये!" तो असा नाचत आला, जणू त्याने स्वतःच तो बनवून आणला होता. पण मधुवंतीलाही खरंच बरं वाटलं. गेली दोन वर्षं आपली दुखणी इंग्रजीत आणि मोडक्या तमिळमध्ये सांगून ती कंटाळली होती. ठणकतंय, सलतंय, शिवशिवतंय, हे सगळं तिथे एकाच 'पेन'मध्ये कोंबावं लागायचं.

डॉ. अनंतकृष्ण तंजावरच्या मराठी घरातले. त्यांची मराठी ऐकली की जुन्या दरबारातला कुणी कारभारी पांढरा कोट घालून उभा आहेसं वाटायचं. फक्त प्रत्येक बाईला 'मा' म्हणायची तमिळ सवय तेवढी त्यांना लागली होती.

"बसा मा. भय पडूं नका. आडवी दाढ आहे, थोडा वेळ लागेल, एवढेंच."

वेळ लागला. दाढ हलेना. डॉक्टरांनी उचकटायचं हत्यार खाली घालून जोर दिला, आणि मधुवंतीच्या कवटीत 'कट्' असा आवाज झाला. तिला वाटलं, हाड गेलं. मास्कवरचे डॉक्टरांचे डोळे क्षणभर स्थिर झाले. लाळ ओढून घेणारी नळी धरलेली सरोजा, त्यांची मदतनीस, हळूच "अय्यो" म्हणाली.

हत्याराचं टोक तुटून आत राहिलं होतं. डॉक्टरांना ते शोधायला बराच वेळ गेला. शेवटी ट्रेमध्ये एकेक वस्तू टिंग टिंग करत पडली. आधी दाढ, मग ते टोक, आणि मग तांदळाच्या दाण्याएवढा आणखी एक धातूचा कण. पुन्हा एक्स-रे काढला. जबड्यात काही उरलेलं नव्हतं.

तोंडात बोळा असल्यामुळे मधुवंतीने खुणेनेच ट्रे मागितला.

"कशास मा?" डॉक्टर म्हणाले. "देवघरांत ठेवायचें काय?"

तिने मोबाइलवर लिहून दाखवलं : जुळवून बघायचंय.

सरोजा खुदकन हसली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण तुटलेल्या हत्याराची मूठसुद्धा धुऊन, पिशवीत घालून दिली.

३

जेवणाच्या सुट्टीत मधुवंतीने ते तुकडे कारखान्यातल्या मायक्रोस्कोपखाली ठेवले. मूठ आणि टोक एकमेकांना असे बसले की मध्ये केसही गेला नसता. हत्यार पूर्ण होतं. त्यातलं काहीही कमी नव्हतं.

तांदळाएवढा कण मात्र बाजूला उरला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. एक बाजू घासून गुळगुळीत केलेली, त्यावर बारीक आडव्या खाचा. दुसरी बाजू ताजी तुटलेली. तिने लोहचुंबक आणला. डॉक्टरांच्या हत्याराचे दोन्ही तुकडे त्याला चटकन चिकटले. कण जागचा हलला नाही. 'असतं काही स्टील तसं,' तिने स्वतःला सांगितलं. खरंच असतं.

"कमी भरतंय का?" मागून नारायणस्वामींनी विचारलं. ते तिच्या विभागाचे प्रमुख.

"नाही सर. जास्त भरतंय."

"मग झालं तर! कमी नाही ना?"

"सर, जास्त म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कमी आहे."

"मॅडम, ते तुमचं तोंड आहे, आपला कारखाना नाही," ते म्हणाले आणि डबा घेऊन निघून गेले.

तिने दवाखान्यात फोन लावला. सरोजाने तमिळमध्ये शपथेवर सांगितलं की दवाखान्यातलं दुसरं एकही हत्यार तुटलेलं नाही, आणि मागून डॉक्टरांचा वैतागलेला आवाज आला, "फेकून द्या म्हणावें तें!"

फेकून कसं द्यायचं? कारखान्यात जास्तीचा तुकडा सापडला तर फेकत नाहीत. तो ज्याला सापडला त्याने हातात धरून सगळ्या मशीनांपुढून फिरायचं आणि मोठ्याने विचारत जायचं, कुणाचा आहे म्हणून. लाजेने असो वा भीतीने, शेवटी कुणीतरी पुढे येतं. मधुवंतीने हे कितीतरी वेळा केलं होतं. ती सवय तिच्या अंगातच मुरली होती.

म्हणून संध्याकाळी मिठाच्या पाण्याने चूळ भरताना, त्या कणाकडे बघत, निव्वळ वैतागून ती बेसिनपुढे मोठ्याने म्हणाली, "मग आहे तरी कुणाचा हा तुकडा?"

आणि तिच्या जबड्यात काहीतरी थांबलं.

ते थांबेपर्यंत तिला कळलंच नव्हतं की तिथे इतका वेळ आवाज चालू होता.

४

त्यानंतर तो आवाज नीट ऐकू यायला लागला.

खर्र, खर्र, खर्र. मग थोडी विश्रांती. मग टिंग, म्हणजे काहीतरी भांड्यात ठेवल्यासारखं. मग पाणी ओढून घेतल्याचा सुर्रर्र आवाज. पुन्हा खर्र, खर्र. बसमध्ये, मीटिंगमध्ये, दहीभात गिळताना. घाई नव्हती त्यात. रोजच्या कामाला बसलेल्या माणसाचा तो आवाज होता.

मधुवंती वेडी नव्हती. तिने कारणं शोधली. हाडातून आवाज जास्त ऐकू येतो, हे तिला माहीत होतं. सूज कानापर्यंत गेली असेल. गोळ्या जड पडल्या असतील. प्रत्येक कारण चांगलं होतं. फक्त तिने तोंड उघडलं की आवाज थांबायचा, आणि मिटलं की पुन्हा सुरू व्हायचा. कुणी दार उघडून आत डोकावलं की कामातला माणूस हात थांबवतो ना, अगदी तसा. याला मात्र कारण सापडेना.

"ऐक," तिने उन्मेषला बोलावलं. "गालाला कान लाव."

"मधू, मी कॉलवर आहे."

"एक मिनिट लाव म्हटलं ना!"

त्याने हेडफोन काढून कान लावला. तिने श्वास रोखला. आत खर्र, खर्र चाललंच होतं.

"काय येतंय ऐकू?"

"तुझं पोट," तो म्हणाला. "गुडगुडतंय. इडली खा एखादी."

"उन्मेष, कुणीतरी खणतंय."

"वरच्या मजल्यावर टाइल्स बसवतायत गं. दिवसभर तेच चालू आहे. मी काय करू?"

वरच्या मजल्यावर खरंच टाइल्स बसवत होते. तेवढ्या कारणावर तिने तो आठवडा ढकलला. पण टाइल्सवाले दुपारी जेवायला जायचे, आणि हा आवाज जेवायला जायचा नाही.

५

शनिवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. सूज उतरली होती, दुखतही नव्हतं. न दुखणंच तिला बरं वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी दिवा ओढला, आरशाने जीभ बाजूला केली. मग चिमटा मागितला. दाढेच्या खड्ड्यातून त्यांनी हळूच एक गॉजचा तुकडा बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला.

तो कोरडा होता, पांढराशुभ्र, चार घड्या घातलेला.

"हें काय?" डॉक्टर म्हणाले.

"मला काय विचारता? तुम्हीच ठेवलं असेल."

"मी ठेवला असता तर आतां तो काळा पडून वास मारता. हा आजचा आहे." त्यांनी पुन्हा आत पाहिलं. "आणि टाका. माझा दोरा काळा. हा पांढरा आहे. तर तुम्ही दुसऱ्या डॉक्टराकडे गेलांत."

"मी कुठेही गेले नाही!"

"मा, जावें. माझें काहीं म्हणणें नाहीं. पण सांगून तरी जावें की!"

"अहो, मी रोज कारखान्यात जाते आणि घरी येते. कधी जाणार मी?"

डॉक्टरांनी मशीन पुढे ओढलं. एक्स-रे काढला. नवा आणि जुना असे दोन्ही त्यांनी पडद्यावर शेजारी लावले आणि खुर्ची मागे सारून बघत बसले. मधुवंतीला एक्स-रेतलं काही कळत नव्हतं, पण कापलेली कड ओळखणं हे तिचं कामच होतं. जुन्या चित्रात दाढेचा खड्डा वेडावाकडा होता, ओबडधोबड. नव्या चित्रात तो दुप्पट खोल गेला होता, आणि त्याच्या बाजू सरळ होत्या. पट्टी लावून कापाव्यात तशा.

"सरोजा, इकडे ये," डॉक्टर म्हणाले. सरोजा आली, बघितलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"ज्याने केलें त्याचा हात चांगला आहे," शेवटी डॉक्टर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. पण खाली हाड इतकेंच उरलें." त्यांनी बोटांत सुतळीएवढं अंतर दाखवलं. "आणखी खोल गेलें तर जांभई देतांना देखील जबडा मोडेल. मग तारेने बांधायचा, नळीने जेवायचें. तें तरी बसेल की नाहीं, सांगतां येत नाहीं."

"मग तुम्ही काहीतरी करा ना!"

"दुसऱ्याने अर्धे केलेल्या कामांत मी हात घालीत नाहीं मा. ज्यांनी सुरू केलें, आधीं त्यांच्याकडूनच निस्तरून घ्या."

रागाने मधुवंतीचे कान तापले. ती खुर्चीतून उठली आणि चपला शोधताना तिला जाणवलं की तोंड मिटल्यापासून आवाज पुन्हा सुरू झालाय. खर्र, खर्र. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान किंचित तिरकी केली होती, लांबून येणारं काही ऐकू येतंय का ते बघावं तशी.

मग ते घाईघाईने म्हणाले, "पुढचे पेशंट कोण आहेत, बोलाव सरोजा."

६

रविवारी दुपारी तिने उन्मेषला मॅच बंद करायला लावली.

तिचा हिशेब सरळ होता. आत कुणी आहे की नाही, यावर तिला वाद घालायचा नव्हता. वाद घालून घालून ती दमली होती. आत कुणीतरी काहीतरी शोधतंय. सापडत नाही म्हणून आणखी खाली जातंय. आणि ते तिच्या पर्समध्ये आहे. ज्याचं त्याला दिलं की खणणं थांबेल आणि उरलेलं हाड वाचेल. कारखान्यातही असंच मिटतं.

तिने तो कण उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ केला. औषधाच्या दुकानातून आणलेला दाताचा छोटा आरसा धुतला. भुवयांचा चिमटाही उकळला. मग बाल्कनीच्या दारात, उजेडाकडे तोंड करून ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. भिंतीला टेकवलेला मोठा आरसा समोर होता.

"मोबाइलचा टॉर्च धर. सरळ आत. हलवू नकोस."

"मला रक्त बघवत नाही हं, आधीच सांगतो."

"रक्त नाहीये. नुसता धर."

"ह्या सगळ्याचा व्हिडिओ काढला ना, तर तुझ्या आईला..."

"उन्मेष!"

त्याने टॉर्च धरला आणि मान फिरवून खालच्या रस्त्याकडे बघत राहिला. मधुवंतीने तोंड उघडलं. आवाज थांबला. तिने डाव्या हातातला छोटा आरसा गालाआड सरकवला, आणि समोरच्या मोठ्या आरशात तिला तिच्या दाढेचा खड्डा दिसला.

पांढरा टाका नव्हता. कुणीतरी तो आधीच सोडून ठेवला होता. खड्ड्याच्या कडा स्वच्छ होत्या. तळाशी उजेड होता. आणि त्या उजेडात, खालून वर, दोन बारीक टोकं उभी होती. चिमटीएवढं अंतर ठेवून. त्यांच्या आतल्या बाजूला बारीक आडव्या खाचा होत्या, आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं आखूड होतं.

ती टोकं हलत नव्हती. वाट बघत होती.

मधुवंतीने चिमट्यात कण धरला. बाहेर चहाच्या टपरीचा पोऱ्या कुणालातरी हाक मारत होता, खाली बस ब्रेक दाबून उभी राहिली. या सगळ्या ओळखीच्या आवाजांचा आधार घेऊन तिने कण खाली नेला. खाली. आणखी खाली.

तिच्या चिमट्यातून तो कुणी ओढला नाही. घेतला. काउंटरपलीकडच्या माणसाने सुट्टे पैसे घ्यावेत तसा, हलकेच, आदबीने. टोकं खाली गेली. उजेड क्षणभर राहिला आणि मग गेला.

तिने तोंड मिटलं. सगळं शांत होतं.

"झालं?" उन्मेषने विचारलं. "किती वेळ! हात अवघडला माझा. टॉर्चची बॅटरी तर मघाशीच संपली."

"मघाशी म्हणजे कधी?"

"तू तोंड उघडलंस ना, तेव्हाच. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं दिसतंय तुला."

७

तासभर तरी एकही आवाज आला नाही. मधुवंतीने कित्येक दिवसांनी भरपूर पोंगल खाल्लं. जबडा हलवून बघितला. उन्मेषशी उगाच गोड बोलली, त्याला मॅच पुन्हा लावू दिली आणि त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बसली. उद्या डॉक्टरांना फोन करून सांगायचं, की ज्यांनी सुरू केलं त्यांनीच निस्तरलं, असं ठरवताना तिला हसूसुद्धा आलं.

मग आत पाणी वाहिल्याचा आवाज झाला.

ती ऐकत राहिली. कुणीतरी हात धूत होतं. अगदी सावकाश, कोपरापर्यंत धुवावेत तसे. पाणी थांबलं. ट्रे सरकला. त्यात एकामागून एक वस्तू मांडल्या जात होत्या : टिंग, टिंग, टिंग. आवरताहेत, तिने मनाशी म्हटलं. काम संपलं की सगळे आवरतात.

पण आवरताना वस्तू उचलतात. या मांडल्या जात होत्या.

आणि तेव्हा, इतके दिवस न सुचलेली साधी गोष्ट तिला सुचली. हरवलेला तुकडा परत मागणारा माणूस तो तुकडा कपाटात ठेवायला मागत नाही. हत्यार पूर्ण झाल्याशिवाय त्याचं काम अडलेलं असतं. आणि हे जे खणणं चाललं होतं, ते त्याचं काम नव्हतंच. तो नुसता आपलं हत्यार शोधत होता.

खालच्या ओठाला मुंग्या आल्या.

तिने ओठाला हात लावला. बोटाला ओठ लागला, ओठाला बोट लागलं नाही. मग हनुवटी गेली. जिभेची उजवी बाजू जड झाली, मग डावी. तिला दुखत नव्हतं, जराही नाही. ज्याने केलं त्याचा हात खरोखरच चांगला होता.

"उन्मेष," तिने हाक मारायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती हवा आली.

"चहा टाकू का गं?" टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला. "ओव्हर संपली की टाकतो. साखर किती?"

बधिरपणा जबड्यापाशी थांबला नाही. तो डाव्या गालावर गेला, नाकावर आला, डोळ्यांच्या खाचांपर्यंत चढला. कान गेले नाहीत, म्हणून पुढचं सगळं तिला ऐकू येत होतं. मग तो मानेवरून खाली उतरायला लागला. खांद्यांत, दंडांत, बरगड्यांमध्ये, एकेक जागा नीट दाबून बघत, कुठे काही राहिलं नाही ना याची खात्री करत.

"अगं, हो की नाही तेवढं तरी सांग!" उन्मेष वैतागून ओरडला. "दर वेळी मीच काय विचारायचं?"

तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. तळहात गेले. गुडघे गेले. आत कुणीतरी घसा खाकरला, आणि मधुवंती उघड्या डोळ्यांनी विचार करत राहिली की एका दाढेसाठी माणसाला इतकं बधिर करत नाहीत.